येताना जांभळी

संध्यानं बंपरचा तो तुकडा खिडकीपाशी नेला, उन्हात धरला आणि मनगट जरासं वळवलं. हिरवा रंग जांभळा झाला. मनगट सरळ केलं तसा तो पुन्हा हिरवा झाला. काउंटरकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं,

“कुठल्या गाडीचा आहे?”

“साहेबांच्या,” मागून उत्तर आलं. “अशीच शेड काढून द्या. काय फरक दिसला नाय पाहिजे.”

तुकडा तळहाताएवढा होता, तीन बाजूंनी वेडावाकडा तुटलेला. एका कडेला रंग खरवडून निघाला होता आणि खालचा काळा बेस दिसत होता. असे तुकडे दुकानात रोज यायचे. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या या दुकानात संध्या अकरा वर्षं गाड्यांचे रंग जुळवत होती. गॅरेजवाले पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणून देत. ती ते खिडकीत धरून बघे. मूळ रंग उन्हानं किती उतरलाय, त्यात पिवळा किती टाकायचा, काळ्याचे थेंब किती, हे ती नजरेनंच ठरवी. आमच्याकडे मशीन नाही, संध्या आहे, असं मालक ढुंढिराजकाका गिऱ्हाइकांना सांगत.

पण या तुकड्यावर नजर लावायची तिला गरज नव्हती. हा रंग तिनंच केला होता. दीड वर्षापूर्वी एका पेंटरनं येऊन सांगितलं होतं, की एका बिल्डरच्या मुलाला, श्रेयस त्याचं नाव, गाडीला रंग बदलणारा रंग हवाय. काकांनी मुंबईहून त्याची छोटी डबी मागवली, संध्यानं याच टेबलावर तो बनवला आणि उरलेल्या थेंबांतून पत्र्याच्या एका पट्टीवर नमुना मारून ठेवला. नंतर कितीतरी दिवस ती गाडी कॉलेज रोडला उभी राहिली की भोवती पोरांची गर्दी व्हायची. नाशकात तसली दुसरी गाडी नव्हती.

आणि आजच सकाळी नळावर गोजराबाईनं तिला एक गोष्ट सांगितली होती.

गोजराबाई पंचवटीत त्यांच्याच चाळीत राहायची आणि सरकारी दवाखान्यात आया होती. तिच्या वॉर्डात परवा सकाळी पेठ तालुक्याकडची एक बाई आली होती, भागीबाई नावाची. द्राक्षांच्या छाटणीला म्हणून नवराबायको मखमलाबादला आलेले. आठच्या सुमाराला पेठ रोडच्या कडेनं चालले होते, तर गाडीनं दोघांनाही उडवलं. नवरा, रावजी, जागीच गेला. बाईचा पाय मांडीत मोडला. पोलीस जबाब घ्यायला आले, तर ही म्हणते की गाडी येताना जांभळी होती, अंगावर आली तेव्हा हिरवी होती आणि पळून गेली तेव्हा पुन्हा जांभळी. पोलिसांनी विचारलं, बाई, गाड्या किती होत्या? “अख्खा वॉर्ड हसला,” गोजराबाई म्हणाली. “मीही हसले. डोक्याला मार लागलाय बिचारीच्या.”

संध्याही तेव्हा हसली होती. गाडीचा विचार तिच्या मनात आला नव्हता. हंडा भरायचा होता, मुलीची, मृण्मयीची, शाळेची वेळ झाली होती.

आता तिच्या हातातला तुकडा जड वाटायला लागला. खरवडलेल्या कडेला काहीतरी तपकिरी वाळलेलं होतं. तो चिखल असावा, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि तिकडं पुन्हा पाहिलं नाही.

“वेळ लागेल,” ती म्हणाली. “तुम्ही ठेवून जा. उद्या या.”

“थांबतो मी.”

तो माणूस पन्नाशीचा होता. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला, हातात ज्यात तुकडा गुंडाळून आणला तो टॉवेल. त्यानं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल ओढलं आणि बरोबर दारात टाकून बसला. काका जेवायला घरी गेले होते, चारपर्यंत येणार नव्हते. दुपारी या बाजूला फारसं कोणी फिरकत नसे.

संध्यानं पावतीपुस्तक ओढलं. हात काहीतरी करत राहायला हवे होते.

“नाव काय लिहू?”

“नाव नका लिहू.”

तिनं पेन खाली ठेवलं.

तिनं तीन डबे उघडले, त्यातल्या एकाचंही या रंगाशी नातं नव्हतं. काठीनं ढवळत राहिली. तो माणूस तिच्या हातांकडे बघत होता. थोड्या वेळानं तो उठला, शटरला हात घातला आणि ते अर्ध्यावर ओढलं. दुकानात एकदम अंधारून आलं.

“ऊन लय येतंय,” तो म्हणाला.

दिवाळीच्या तोंडचं ऊन होतं, तिरकं, काउंटरपर्यंत पोचणारं. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण संध्यानं टेबलाची कड धरली. शटरखालून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते.

“एक विचारू? हा रंग नाशकात दुसरं कोणी ओळखील का?”

“नाही,” ती म्हणाली. “हा फक्त मीच—”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. त्याला हवं तेच तर सांगितलं. तिचे कान तापले. तिनं काठी डब्याच्या काठावर निथळत ठेवली आणि कोणी न विचारताच म्हणाली,

“माझे दीर पोलिसात आहेत.”

तो पुढे झुकला. “कुठल्या ठाण्याला?”

त्याचा आवाज बदलला होता. संध्याला कुठलेच दीर नव्हते. नवरा दमणला कंपनीत होता, पंधरा दिवसांनी यायचा. घरी ती आणि आठवीतली मुलगी.

“मालेगावला,” ती म्हणाली.

तो मागे सरकला आणि टॉवेलाची घडी घालू लागला. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. त्याच्या चेहऱ्यावरून संध्याला काही कळेना.

“ह्यो रंग बदलतो कसा?” त्यानं विचारलं. “म्हंजे आत काय घातलेलं असतं?”

वेळ जाईल, तेवढ्यात कोणी येईल, म्हणून ती सांगायला लागली. मुंबईला कंपनीच्या माणसानं दोन दिवस शिकवलं होतं, ते तिला अजून तोंडपाठ होतं. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, पण कामाचं बोलता बोलता तो जागेवर आला. तिनं सांगितलं, की यात हिरवा रंग नाही आणि जांभळाही नाही. यात बारीक चकत्या असतात, पिठासारख्या बारीक. प्रत्येक चकतीच्या पोटात आरशासारखा धातू, त्याच्यावर काचेसारखा आरपार थर आणि सगळ्यात वर पुन्हा धातूचाच, पण इतका पातळ पापुद्रा की त्यातून उजेड आत जाऊ शकतो. मधला तो काचेसारखा थर म्हणजे केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यातला एखादा. उजेड पडला की थोडा वरूनच परततो, थोडा आत जाऊन आरशावरून परत येतो. बाहेर पडताना दोन्ही भेटतात. भेटताना काही रंग एकमेकांना जोर देतात, काही एकमेकांना मारून टाकतात. जे उरतं ते आपल्याला दिसतं.

“साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात की नाही, किंवा ओल्या रस्त्यावर डिझेल सांडलं की? तसंच हे.”

“पन मग बदलतो कसा? थर तर तेवढाच राहतो.”

प्रश्न बरोबर होता. असा प्रश्न दीड वर्षांत कोणी विचारला नव्हता.

“थर तेवढाच,” ती म्हणाली. “पण आपण कुठून बघतो ते बदलतं. समोरून बघितलं तर उजेडाची आतली वाट एक असते. तिरकं बघितलं की ती बदलते. मग दुसराच रंग मरतो आणि दुसराच उरतो. समोरून हिरवा, तिरका बघितला की जांभळा. खाली काळा बेस देतात, म्हणजे इकडचा तिकडचा उजेड त्यात मिसळत नाही.”

मग त्यानं हाताचा तळवा गाडीसारखा आडवा धरला आणि हळूहळू स्वतःच्या नाकाकडे आणला.

“म्हंजे गाडी लांबून येताना तिरकी दिसती. तवा जांभळी.” तळवा गालापाशी आला. “बाजूला आली की दरवाजा समोर. तवा हिरवी.” तळवा कानामागे गेला. “गेली की पुन्ना जांभळी.”

संध्यानं मान हलवली. तिचा हात लागून डब्यावरची काठी फरशीवर पडली. ती उचलायला वाकायचं धाडस तिला झालं नाही.

“मग ती बाई खरं बोलती,” तो माणूस म्हणाला.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, शटर थरथरलं. संध्या त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर काउंटरवरच्या तुकड्यावर होती.

मग तो बोलला. मोठ्यानं नाही, आणि मधे मधे थांबत. त्याचं नाव भिमाजी. घोटीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. श्रेयससाहेबांच्या घरी बारा वर्षं ड्रायव्हर. परवा सकाळी साहेबांनी गाडी स्वतः घेतली, हा शेजारी बसला होता. वळणावर ती दोघं दिसली. हा थांबा म्हणाला, पण साहेब थांबले नाहीत. घरी आल्यावर त्याला सांगण्यात आलं, की तुटलेला तुकडा गंगेत, म्हणजे गोदावरीत, टाकून ये. आता गाडी मुंबईला जाणार होती आणि पांढरी होऊन येणार होती. आरसी बुकात ती पहिल्यापासून पांढरीच होती, रंग बदलल्याची नोंद साहेबांनी कधी केलीच नव्हती. कागदावर असली गाडी नाशकात नव्हतीच.

“गंगेवर गेलो,” तो म्हणाला. “तुकडा हातात घेऊन बसलो. नाय टाकवला. काल दवाखान्यात जाऊन आलो, दारातूनच. पोलीस हसत व्हते. बाई रडत व्हती, पण दुखतंय म्हनून नाय. डोळं चोळायची सारखी.”

“शेड जुळवायची नाही तुम्हाला.”

“नाय. तुम्ही वळखता का ते बघायचं व्हतं. आणि वळखून साहेबाला फोन करता का, ते.” तो जरा थांबला. “तुमचे दीर नाशकात असते तर बरं झालं असतं.”

संध्याला बसावंसं वाटलं. ती रिकाम्या डब्यावर बसली. इतका वेळ जी भीती त्या माणसाच्या अंगावर बसली होती ती तिथून उठली, पण गेली नाही. दुकानभर पसरली.

“गाडी सापडली तर ते म्हणतील तुम्हीच चालवत होता,” ती म्हणाली.

“म्हनतीलच. लायसन माझं हाय, नोकरीच ती हाय.” त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. “पण रंगाचं मला सांगता नाय येणार. मी सांगितलं तर मलाबी हसतील. तुम्ही हे आत्ता सांगितलं तसं कागदावर लिहून द्याल का? तुमच्या नावानं?”

हो म्हणायला संध्यानं तोंड उघडलं होतं की नाही म्हणायला, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे मृण्मयी आली, दप्तर एका खांद्यावर अडकवून गल्लीतून एकटी येणारी.

“माझी मुलगी आहे,” ती म्हणाली. “घरी दुसरं कोणी नसतं. मला नाही जमायचं.”

भिमाजीनं मान डोलावली. वाद घातला नाही, विनवलं नाही. तुकडा उचलून टॉवेलात गुंडाळला, शटर वर सरकवलं. उजेड आत आला तसे दोघांनीही डोळे बारीक केले.

“बरोबर हाय ताई,” तो म्हणाला. “पोलिसांचं मी बघतो. तुम्ही एवढं करा, त्या बाईला जाऊन सांगा की तिचे डोळे ठीक हायेत. बाकी काय नको.”

तो गेला. संध्या दारात उभी राहून तो चौकाच्या गर्दीत मिसळेपर्यंत बघत राहिली.

काका चारला आले तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. लपवावं असं तिला वाटलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनीच विचारलं. ऐकता ऐकता काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, पुसून झाला तरी घातला नाही. पंचवटीत त्यांचं उपाध्यांचं घर, तिथं पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचा राबता. सगळ्या गावाशी गोड बोलायची त्यांना सवय. श्रेयसचे बिल्डर वडीलही त्यांच्याकडे पूजेला यायचे.

“आपण रंग विकतो, संध्या,” ते म्हणाले. “गाड्या कुठं जातात हे आपण बघत नाही. इथं कोणी आलं नाही, तू कोणाला काही सांगितलं नाहीस. ती पट्टी कुठंय?”

“कपाटात.”

“पॉलिशपेपर घे आणि घासून टाक. आत्ताच.”

ते रागावले नव्हते. त्यांची बोटं काउंटरवर आपोआप हलत होती. इतक्या वर्षांत संध्यानं त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं आणि ते बघून तिची भीती दुप्पट झाली. ती आत गेली, कपाटातून पट्टी काढली, पॉलिशपेपर घेतला. एका कडेला एकदाच घासलं. हिरव्यातून काळं वर आलं. मग तिनं पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, आणि थोडा वेळ तिथंच उभी राहून कोरड्या पत्र्यावर पेपर घासल्याचा आवाज करत राहिली.

पाच वाजता ती दवाखान्यात गेली. नातेवाइकांना भेटायची वेळ होती, वरांडे भरले होते. आपल्या मागून कोणी येतंय का हे तिनं जिन्यात दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा एक माणूस खरंच मागे होता. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तो हातात डबा घेऊन तिच्या शेजारून वर गेला.

गोजराबाईनं तिला खाटेपाशी नेलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. भागीबाई जागी होती. काळीसावळी, हडकुळी बाई, तिशीची असेल किंवा चाळिशीची. पायाला वजन लावून तो वर टांगलेला. संध्यानं काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. तिनं रुमाल सोडला आणि पट्टी भागीबाईच्या हातात दिली.

भागीबाईनं आधी ती नुसतीच धरली. मग तिचा हात हलला. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं. पट्टी हिरवी होती ती जांभळी झाली. भागीबाई थांबली. पुन्हा हात वळवला. मग पुन्हा. कितीतरी वेळ ती पट्टी इकडून तिकडे फिरवत राहिली. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता.

“हाच,” शेवटी ती म्हणाली. “मी खुळी नाय मंग.”

“नाही,” संध्या म्हणाली. “रंगच तसा आहे. तुम्ही बघितलं ते बरोबर बघितलंत.”

भागीबाई वर छताकडे बघत होती. सगळेच म्हणत होते डोक्याला लागलंय, असं तिनं तुटक तुटक सांगितलं. मग तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. गाडीच नीट बघितली नाही, तर बाकीचं तरी नीट बघितलं का? धन्यानं आपल्याला ढकललं हे तरी खरं का? तो स्वतः मधे आला, आपल्याला रस्त्याच्या खाली ढकललं, असं तिला आठवत होतं. कालपासून तिला त्याचीही शंका यायला लागली होती. त्यानं ढकललं नसंलच, आपलं मनच सांगतंय, असं वाटत होतं.

“ढकललं व्हतं त्यानं,” ती आता म्हणाली. तेवढं बोलून तिनं डोळे मिटले.

संध्या उभीच होती. आता ही बाई मागेल, असं तिला वाटलं. चल, पोलिसांना सांग, असं म्हणेल. तिनं नकाराचं वाक्य मनाशी जुळवून ठेवलं. भागीबाईनं डोळे उघडले, पट्टी पालथी केली आणि रुमालासकट तिच्या हातात परत दिली.

“ठेव बाय आत,” ती म्हणाली. “कोणी बघंल. तुला घर हाय.”

त्या रात्री संध्यानं कड्या दोनदा तपासल्या. मृण्मयीनं विचारलं, काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणाली.

सकाळी ती मुलीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. मृण्मयीला मैत्रिणींसमोर ते आवडलं नाही, ती पुढे पुढे चालत राहिली. फाटक बंद झाल्यावर संध्या वळली. दुकानाकडे जाणारी बस समोर येऊन उभी राहिली आणि निघून गेली. मग ती चालतच पोलीस ठाण्यात गेली.

आतल्या बाकावर भिमाजी बसला होता. चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. त्यानं तिला पाहिलं आणि नजर खाली घेतली, ओळख दाखवली नाही. तिला अजूनही परत फिरता यावं म्हणून त्यानं तसं केलं असेल.

फौजदार चाळिशीचा, जागरणानं डोळे सुजलेला होता. त्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो तुकडा पडला होता. संध्यानं रंगाच्या दुकानाचं नाव सांगितलं तसं त्यानं पेन खाली ठेवलं.

“हा काल संध्याकाळी आपणहून आलाय,” तो भिमाजीकडे बोट करून म्हणाला. “म्हणतो साहेब चालवत होते. ती बाई म्हणते जांभळी गाडी. हा तुकडा बघा, चांगला हिरवा आहे. आणि आरसी बुकात गाडी पांढरी. मी कोणती गाडी शोधू, ते तुम्हीच सांगा.”

खोलीत ट्यूबलाइट होती, खिडकीला जाळी. समोर ठेवलेला तुकडा तिथं हिरवाच दिसत होता.

“बाहेर उन्हात या,” संध्या म्हणाली.

वरांड्याच्या पायरीवर तिनं पिशवीसकट तुकडा धरला आणि वळवला. एकदाच. फौजदारानं पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वळवून पाहिली. दोन पायऱ्या खाली उतरून लांबून पाहिली. पुन्हा वर येऊन समोरून पाहिली. फाटकावरचा शिपाई इकडं बघत होता. फौजदारानं पिशवी शर्टाच्या आड धरल्यासारखी अंगाशी घेतली आणि आत आला. बसल्यावर त्यानं आधी फोन लावला. कोणाला तरी गाडीचा नंबर सांगितला आणि म्हणाला, मुंबईत कुठल्याही पेंटरकडे असेल, हात लावू देऊ नका. मग भागीबाईचा जबाब काढून समोर ठेवला. रंगाचं लिहिलेलं होतं त्या ओळीत, तीन जणांनी तीन रंग सांगितल्यासारखी, खाडाखोड होती. तो ती ओळ थोडा वेळ बघत राहिला.

“हां. सांगा,” तो म्हणाला. “सावकाश.”

तिनं सांगितलं. चकत्या, आरसा, काचेसारखा थर. उजेड कसा परततो आणि कुठून बघितल्यावर काय उरतं. काल भिमाजीला सांगितलं होतं तसंच, पण आज मधे कुठंच आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. फौजदार लिहीत होता. एकदा थांबून त्यानं विचारलं, असा रंग नाशकात आणखी किती गाड्यांना आहे. एकाच, ती म्हणाली. तुम्हाला कसं माहीत? मी बनवला. तिनं पर्समधून पत्र्याची पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. तेही त्यानं लिहून घेतलं.

मग तिचं पूर्ण नाव, वय, काम, राहण्याचा पत्ता विचारला. ती सांगत गेली. तो लिहीत गेला, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“वाचून घ्या. मग सही करा.”

तिनं वाचायला सुरुवात केली. अक्षर घाईचं होतं पण मजकूर बरोबर होता. जांभळी, हिरवी, जांभळी, तिन्ही त्याच क्रमानं होते. शेवटच्या ओळीत संध्या रमाकांत पिंगळे, वय छत्तीस, आणि खाली पंचवटीतला पत्ता. घर नंबर अकराशे चौऱ्याहत्तर.

तिचं घर अकराशे सत्तेचाळीस होतं. चौऱ्याहत्तरला गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला एक बंद गोदाम होतं. हा कागद हातात घेऊन कोणी शोधत आलं तर त्या गोदामाच्या कुलपापाशी येऊन उभं राहील. चार जणांना विचारेल. कदाचित कंटाळून परतही जाईल.

बाकावर भिमाजी फरशीकडे बघत होता. बाहेर रिक्षावाले बसस्टँडच्या गिऱ्हाइकांसाठी सीबीएस, सीबीएस असं ओरडत होते. शाळा साडेबाराला सुटणार होती. संध्यानं पेन सहीच्या जागेवर टेकवलं. शाईचा बारीक ठिपका उमटला.

“साहेब,” ती म्हणाली, “घर नंबर चुकलाय.”

फौजदारानं वाकून पाहिलं. चौऱ्याहत्तर खोडून वर सत्तेचाळीस लिहिलं आणि नियमाप्रमाणे त्या खोडलेल्या आकड्याशेजारीही तिची एक छोटी सही घेतली.